पानामागची मगर: दसरा-दिवाळीत लेडीबर्डच्या अळ्या कशा शोधायच्या आणि ओळखायच्या

गुलाबाई बसली की माझं शेतातलं डोळ्यांचं काम सुरू होतं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी गाणी म्हणतात आणि मी सकाळी भिंग घेऊन कपाशीत फिरते. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठाला आमची सात एकर काळी जमीन आहे. त्यात चार एकर कपाशी, थोडी दादर ज्वारी, घरापुरता गहू आणि वीस गुंठे भरताची वांगी. पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचं ऊन चटकायला लागतं, मधूनच दोन दिवस आभाळ येतं आणि कपाशीच्या शेंड्याला मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, धरतो. मावा आला की त्याच्या मागोमाग लेडीबर्ड येते. ढालीसारखा गोल, लाल-पिवळा, काळ्या खुणांचा हा भुंगेरा सगळे ओळखतात. शेतकी पुस्तकात त्याला ढालकिडा म्हणतात. पण त्याची अळी फार थोड्यांना ओळखू येते. खरं खाणारं तोंड तिचंच, आणि फवारणीत पहिल्यांदा मरतेही तीच.

२०१४ च्या दसऱ्याला मी स्वतः हे केलं आहे. शेंड्याच्या पानांवर काळ्या, काटेरी, भराभर पळणाऱ्या अळ्या दिसल्या. बोंडअळीच्या धास्तीत वाढलेली माणसं आपण, अळी म्हटली की छातीत धस्स होतं. चार अळ्या काड्यापेटीत घातल्या आणि एका औषधाच्या दुकानात नेऊन दाखवल्या. त्यांनी "नवीन अळी आहे, लगेच मारा" म्हणत औषध काढून दिलं. दोन दिवसांत फवारणी उरकली. अळ्या गेल्या. पंधरा दिवसांत पानं तेल लावल्यासारखी चमकायला लागली, माव्याचा चिकटा खाली ठिबकून फुटलेल्या बोंडांवर पडला आणि त्यावर काजळी चढली. वेचलेला कापूस हाताला चिकटत होता. व्यापाऱ्याने भाव पाडला तो पाडलाच. पुढच्या वर्षी गावात कपाशीची शेतीशाळा झाली. तिथे कृषी सहायकांनी एक पान उलटं केलं, तर माझी तीच काळी अळी एका माव्याला तोंडात धरून बसलेली. त्या दिवशी मी जे शिकले आणि पुढे दरवर्षी पान उलटं करून जे बघत आले, ते इथे लिहिते आहे.

आधी वेळ. दव पडत असेल तर ते सुकल्यावर, साधारण आठ ते दहा. दुपारच्या उन्हात या अळ्या पानाखाली, पात्यांच्या, म्हणजे कळ्यांच्या, भोवतीच्या हिरव्या पालींत, वळलेल्या शेंड्यात शिरतात, मग शोधत बसावं लागतं. संध्याकाळी साडेचारनंतर पुन्हा बाहेर दिसतात. सोबत फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, पांढरं ताट, रंगाचा मऊ कुंचला आणि काचेची एक बरणी. भिंग नसेल तर मोबाईलने जवळून फोटो काढायचा आणि तो मोठा करून बघायचा. माझी अर्धी ओळख अशीच पक्की झाली.

अळी शोधायची तर अळी शोधायची नाही, तिचं जेवण शोधायचं. ज्या झाडाच्या खोडावर मुंगळ्यांची ये-जा चालू आहे ते झाड आधी बघा. मुंगळे माव्याच्या गोड चिकट्यासाठी चढतात. दुसरी खूण म्हणजे खालच्या पानावर पांढऱ्या कोंड्यासारखं काहीतरी सांडलेलं. ती माव्याने टाकलेली कात असते. तिसरी, शेंड्याची पानं खाली मुडपलेली. असं झाड सापडलं की पान तोडायचं नाही. देठाजवळ दोन बोटांनी धरून हळूच उलटं करायचं. झटका बसला की अळ्या टपकन खाली पडतात आणि काळ्या जमिनीवर त्या पुन्हा दिसत नाहीत. म्हणून पांढरं ताट खाली धरायचं.

ज्यांनी आजवर एकही पाहिली नाही त्यांना मी कपाशीत नेतच नाही, बांधावरच्या रुईकडे नेते. रुईच्या कोवळ्या शेंड्यावर आणि कळ्यांवर हळदीसारखा पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा असतो. त्या पिवळ्यावर काळी अळी लांबून उठून दिसते. रुईला कोणी फवारत नाही, त्यामुळे तिथे अंडी, अळी, कोष आणि भुंगेरा असा सगळा संसार एकाच फांदीवर सापडतो. बांधावर चवळी असेल तर तिच्या शेंगांवरचा काळा मावाही तसाच कामाचा, फक्त तिथे काळ्यावर काळं शोधावं लागतं. हरभऱ्यात मात्र फारसं फिरू नका. त्याच्या पानांवर आंब असते आणि मावा तिथे बेताचाच येतो.

आता ओळख. माझी नात दिवाळीला सुरतेहून येते. दुसरीत असताना तिने पहिल्यांदा ही अळी बघितली आणि ओरडली, "आजी, मगरीचं पिल्लू!" मी इतकी वर्षं लोकांना समजावत होते, पण याहून नेमका शब्द मला सापडला नव्हता. पुढे रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं अंग, पाठीवर आडव्या वळ्या, त्या वळ्यांवर रांगेने बारीक उंचवटे आणि त्यांतून निघालेले राठ केस. पाय सहाच आणि सगळे पुढच्या भागात, छातीला, पण चांगले लांब, दोन्ही बाजूंना बाहेर डोकावणारे. मागचा भाग ती फरपटत नेते. शेपटीचं टोक पानाला चिकटवते, पुढे सरकते, पुन्हा चिकटवते. पान उभं धरलं, उलटं केलं तरी ती पडत नाही ती या टोकामुळेच.

बोंडअळी किंवा लष्करी अळीशी गल्लत होऊ नये म्हणून एवढंच बघा. त्या पतंगांच्या अळ्या. त्यांचं अंग नळीसारखं, पुढे तीन जोड्या बारीक पाय आणि पोटाखाली मांसल, बुटके जास्तीचे पाय. त्या पान किंवा बोंड कुरतडतात, त्यांची विष्ठा पडलेली असते. आपली मगर पानाला तोंड लावत नाही. तिच्या भोवतीचं पान शाबूत असतं आणि जवळपास मावा असतो. कोणतीही अळी दिसली की आधी पान बघा, मग अळी. मी सगळ्यांना हेच पहिलं शिकवते.

वय आणि जातीप्रमाणे रूप बदलतं, आणि इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण लोक फसतात ते इथेच.

सुरुवात अंड्यांपासून. पानाखाली दहा-वीस-तीस पिवळी, दोन्ही टोकांना निमुळती अंडी उभी खोचून ठेवल्यासारखी, एकमेकांना खेटून. साधारण तीन-चार दिवसांत ती काळपट पडतात आणि फुटतात. फुटल्याच्या सकाळी भिंगातून बघायला मिळालं तर सोडू नका. मोहरीच्या दाण्याहून लहान, काळी, केसाळ पिल्लं आपल्याच रिकाम्या टरफलांवर गर्दी करून बसलेली असतात. काही तास, कधी दिवसभर तिथून हलत नाहीत, टरफलं खातात, न फुटलेलं अंडं असेल तर तेही खातात. मग एकेक करून पांगतात. या वयात ती माव्याला पकडून त्याचा रस शोषते. मोठी झाली की अख्खा मावा चावून गिळते. तीनदा कात टाकते. कात टाकताना शेपटीने पान धरून खाली डोकं करून लोंबकळते, तेव्हा ती मेलेली वाटते. तिला हात लावू नका. नुकती कात टाकलेली अळी पिवळट आणि मऊ दिसते, तासा-दोन तासांत पुन्हा काळी पडते. शेवटच्या वयात ती तांदळाच्या दाण्याएवढी किंवा थोडी लांब होते, आणि माव्याचा खरा फडशा तेव्हाच पडतो. ऑक्टोबरच्या उबेत अंड्यातून निघाल्यापासून कोषात जाईपर्यंत साधारण आठ ते बारा दिवस लागतात. थंडी पडली की दिवस वाढतात.

आमच्याकडे दसऱ्याच्या सुमारास कपाशीत आणि चवळीवर सगळ्यात जास्त भेटते ती नागमोडी पट्ट्यांची लेडीबर्ड. तिचा भुंगेरा पिवळट-नारिंगी, पंखांवर काळ्या वाकड्यातिकड्या रेषा. तिची अळी काळपट-तपकिरी, पाठीवर पांढुरक्या-पिवळसर खुणा असलेली, लांबून पक्ष्याच्या शिटेसारखी वाटते. दुसरी, आडव्या पट्ट्यांची, लालभडक भुंगेऱ्याची. तिच्या अळीच्या काळ्या अंगावर नारिंगी ठिपके ठळक असतात. थंडी पडून गहू, करडई, धणे उभे राहिले की सात ठिपक्यांची येते. ही सगळ्यात मोठी. अळी निळसर राखाडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना नारिंगी ठिपके. छाती संपली की पोटाची पहिली वळी मोजायला घ्या. पहिल्या आणि चौथ्या वळीवर नारिंगी ठिपका दिसला की सात ठिपक्यांचीच. नवख्या माणसाने जात ओळखायची घाई करू नये. मगर आहे एवढं कळलं तरी शेताचं काम भागतं.

पण एक पांढरी फसवणूक आहे. कपाशीवर किंवा जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असतो, पांढऱ्या पिठात लोळवल्यासारखा. त्याला खाणारी एक लेडीबर्ड आहे, क्रिप्टोलिमस. ती मूळची ऑस्ट्रेलियाची, १८९८ मध्ये भारतात कॉफीच्या खवल्या किडीवर सोडण्यासाठी आणली गेली. तिची अळीसुद्धा पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी झाकलेली असते, अगदी पिठ्या ढेकणासारखी. कोणीही चिरडून टाकेल अशी. फरक असा: ढेकणापेक्षा ती बरीच मोठी होते, पार एक-सव्वा सेंटीमीटरपर्यंत. तिच्या झिपऱ्या लांब आणि विस्कटलेल्या, ढेकणाच्या कडेची झालर आखूड. कुंचल्याने ढोसलं की ढेकूण जागचा जेमतेम हलतो, ही तुरुतुरु चालू लागते. शंका आली तर कुंचल्याने थोडं मेण बाजूला करा, खाली मगरीच्या वळ्या दिसतात.

आणि पिवळी. काकडी-भोपळ्याच्या वेलावर भुरी आली की पिवळसर पांढरी, पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा असलेली अळी फिरताना दिसते. ती मावा खात नाही, भुरीची बुरशीच चरते. तिचा भुंगेरा लिंबासारखा पिवळा. तिलाही राहू द्या.

वांग्यात मात्र सगळं उलटं होतं. आमच्या खान्देशात भरताचं वांगं म्हणजे जिवाचा विषय, थंडीत शेतात काड्या पेटवून भरीत पार्टी झाली नाही तर वर्ष अपुरं वाटतं. आणि त्याच वांग्यावर लेडीबर्डच्या घराण्यातला एक पानखाऊ येतो, हड्डा भुंगेरा. कृषीच्या पुस्तकात एपिलॅक्ना. याची अंडीही पिवळी, उभी, पानाखालीच. अळीलाही काटे. एकदा वांग्यात निंदणी चालू होती. माझं ऐकून ऐकून तयार झालेल्या शेजारणीने मला हाक मारली, "अक्का, हाई देख, तुनी मगर! चावस का वं?" मी बघितलं तर हड्ड्याची अळी. ती बिचारी किती जपून हातावर घेऊन आली होती.

तिला दाखवलं तेच सांगते. मित्र अळी काळी-राखाडी, सडसडीत आणि पळणारी. हड्ड्याची अळी फिकट पिवळी, जाडजूड आणि जागेवर बसून राहणारी. मित्र अळीच्या उंचवट्यांवर साधे केस किंवा आखूड काटे. हड्ड्याच्या काट्यांना बाजूला उपफाटे फुटलेले, भिंगातून बाभळीची वाळकी काटकी पाहावी तसे. आणि पान. हड्ड्याची अळी पानाचा हिरवा गर खरवडते आणि शिरा सोडते, पान जाळीदार होऊन वाळतं. त्यावर मावा असेलच असं नाही. भुंगेरा बघायचा झाला तर मित्राची पाठ चकचकीत, उन्हात आरसा. हड्ड्याची मळकट तांबूस, बारीक लव असलेली, ठिपके भरपूर, एका जातीला तर २८. अंडी ओळखणं जरा अवघड, पण हड्ड्याची अंडी एकमेकांपासून थोडी सुटी असतात, मित्राची खेटून. वांग्याच्या पानावर मावा नाही, कडेला जाळी पडायला लागली आहे आणि पिवळी अंडी आहेत, तर ती हड्ड्याची समजा. ही अंडी आणि अळ्या आम्ही हाताने वेचतो. वीस गुंठ्याला दोघींना एक सकाळ पुरते.

माव्यात आणखी दोन मित्र फिरतात, त्यांना मगर समजलात तरी नुकसान नाही, पण माहीत असावेत. क्रायसोपाची अळी मळकट पांढरी-तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळती, आणि तोंडापुढे विळ्यासारखे दोन वाकडे जबडे बाहेर आलेले. लेडीबर्डच्या अळीचे जबडे वरून असे दिसत नाहीत. क्रायसोपाची अंडी केसासारख्या देठावर लोंबतात, एकदा पाहिली की विसरत नाहीत. दुसरी सिरफिड माशीची अळी. हिला पायच नसतात, हिरवट, गोगलगायीसारखी मऊ, डोक्याकडे टोकदार. आणि कपाशीची बोंडं फुटल्यावर जे लालभडक झुंडीने दिसतात ते लाल ढेकूण आणि त्यांची पिल्लं, ते लेडीबर्ड नव्हेत. त्यांच्या मिशा लांब, पाय काटकुळे, आणि तोंडाची सोंड सरकीत खुपसलेली.

कोष ओळखणं अळीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं मला, कारण तो हलत नाही आणि लोक त्याला रोग समजतात. पानावर घट्ट चिकटलेला, फुगीर, नारिंगी-तपकिरी थेंब, त्यावर काळ्या खुणा, आणि चिकटलेल्या टोकाशी अळीची जुनी कात चुरगळून गोळा झालेली. ही चुरगळलेली कात म्हणजे त्याचं ओळखपत्र. कुंचल्याच्या टोकाने हलकेच टेकवा. कोष एकदम ताठ उभा राहतो, खटका दाबल्यासारखा, आणि पुन्हा खाली बसतो. मुंगी अंगावर आली की तो असंच करतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातून भिंग पडलं होतं. तीन ते पाच दिवसांत तो फुटतो. थंडीत कोष जास्त गडद दिसतात आणि जास्त दिवस टिकतात.

ज्याला खरोखर पक्की ओळख हवी त्याने एकदा तरी बरणीत अळी वाढवावी. बरणी धुऊन कोरडी करा, तळाला कागद ठेवा, माव्याने भरलेलं रुईचं किंवा चवळीचं पान घाला आणि एकच मोठी अळी सोडा. एकच, कारण जेवण कमी पडलं की त्या एकमेकींना खातात. तोंडाला मलमलचा तुकडा आणि रबर. बरणी सावलीत. रोज ताजं मावावालं पान घाला, जुनं काढा. एका सकाळी ती खायची थांबते, पाठ वाकवून पानाला किंवा काचेला चिकटते, दुसऱ्या दिवशी तिथे कोष असतो. आणि भुंगेरा निघतो तेव्हा तो लाल नसतो. फिकट पिवळा, ओला, एकही ठिपका नसलेला. नात आणि मी सकाळी सातपासून त्या बरणीपुढे बसलो होतो. चहा झाला, पोह्यांचं ताट तसंच राहिलं, आणि त्या पिवळ्या पाठीवर आधी धुरकट सावल्या उमटल्या, मग त्या गडद होत होत काळ्या रेषा झाल्या. ठिपक्यांवरून भुंगेऱ्याचं वय कळतं असं पोरं म्हणतात, ते खरं नाही हे तिला त्या सकाळी आपोआप कळलं.

चावते का, हे सगळेच विचारतात. अळीला हातावर घेतलं तर क्वचित चिमटा बसल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही. दाबली तर अंगातून पिवळा, उग्र वासाचा रस सोडते. हात धुवायचे, झालं.

आता फवारणीचं. ओळख झाल्यावर मोजणी करायची. मी शेतात कडेची ओळ सोडून वीस झाडं घेते, प्रत्येकाचं वरचं, मधलं आणि खालचं पान बघते. कपाशीत दर पानाला सरासरी १० मावा ही औषधाचा विचार करण्याची पातळी सांगितली जाते. त्याच वहीत मी दुसरा रकाना मगरींचा ठेवते: अंडी, अळी, कोष, भुंगेरा सगळं मिळून. मावा १० च्या आसपास आहे पण जवळजवळ प्रत्येक झाडावर मगर दिसते, तर मी चार-पाच दिवस थांबते आणि पुन्हा मोजते. बहुतेक वेळा दुसऱ्या मोजणीत मावा उतरलेला असतो. मावा तपकिरी होऊन मण्यासारखा फुगलेला दिसला तर तोही जिवंत नाही, त्यात बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. तो मोजणीत धरू नका. मावा चढतच राहिला तर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध उभ्या पिकावर मारलं तर माव्याबरोबर अळ्याही जातात, आणि मावा परत यायला आठवडा पुरतो, मगर परत यायला मात्र महिना जातो. माझ्या २०१४ च्या कापसाने हे मला शिकवलं.

वेचणी सुरू झाली की एक काम वाढतं. बोंडाच्या पालीला, सुकलेल्या पानाला चिकटलेले कोष कापसाबरोबर घरी येतात. आमच्या ओसरीवर कापूस निवडताना एक सूप बाजूला ठेवलेलं असतं. ज्याच्या हाताला कोष लागेल त्याने तो पानासकट सुपात टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सूप मी बांधावरच्या चवळीत नेऊन ठेवते, मुंगळे नसतील अशा जागी, थोड्या सावलीत.